सरळ टोके, कुरळी मुळे

रिबाँडिंगसारख्या रासायनिक प्रक्रियेने एकदा सरळ केलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. तो वाढत खाली सरकतो आणि शेवटी कात्रीखाली येतो. त्यामुळे नैसर्गिक केसांकडे परत जायचे म्हणजे जुने केस दुरुस्त करायचे नसतात, तर नवे केस पुरेसे वाढेपर्यंत दोन वेगळ्या स्वभावांचे केस एकाच डोक्यावर नांदवायचे असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, अशा जळगावात हे काम इतरांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांवर निभत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि सध्या याच संक्रमणाच्या शेवटच्या टप्प्यात आहे, म्हणून जे समजले आणि जे करून पाहिले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे केस जन्मापासून कुरळे आहेत. लग्न ठरवण्याच्या काळात मावशीने, ‘पाहुणे बघायला येणार आहेत, तेवढे केस बसवून घे,’ असे सुचवले आणि मी पार्लरमध्ये जाऊन रिबाँडिंग करून घेतले. त्या निर्णयाबद्दल मला आजही खेद नाही. सकाळी सातच्या तासिकेला पोहोचणाऱ्या बाईला धुऊन, वाळवून, एक कंगवा फिरवून निघता येणे ही लहान सोय नव्हे. पुढे मुळांशी कुरळी वाढ दिसू लागली की टचअप करून घ्यायचे, हे ओघाने आलेच. थांबवले ते टाळूची आग होऊ लागली म्हणून, भांगाच्या दोन्ही बाजूंना तुटक्या केसांची आखूड झालर उभी राहू लागली म्हणून, आणि टचअपचा खर्च दर वेळी वाढत चालला होता म्हणूनही.

आता थोडे रसायनशास्त्र, कारण ते कळल्याशिवाय पुढचे निर्णय घेता येत नाहीत. केस म्हणजे प्रामुख्याने केराटिन नावाचे प्रथिन. बारावीला जैवरेणूंचा पाठ शिकवताना जो डायसल्फाइड बंध मी फळ्यावर काढते, तोच केसाचा आकार धरून ठेवतो. सिस्टीन या अमिनो आम्लातले गंधकाचे अणू एकमेकांना जोडले जातात आणि प्रथिनाच्या शेजारशेजारच्या साखळ्या त्यामुळे बांधल्या जातात. याखेरीज हायड्रोजन बंध असतात, पण ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली की सरळ केसांतही लाटा दिसतात आणि पुढच्या न्हाण्यात त्या नाहीशा होतात, त्याचे कारण हेच. रिबाँडिंगमध्ये या वरवरच्या बंधांवर काम थांबत नाही. अमोनियम थायोग्लायकोलेटचे क्रीम, ज्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ९ ते ९.५ असतो, डायसल्फाइड बंध तोडते. मग तापलेल्या पट्ट्यांमधून केस सरळ ओढले जातात आणि न्यूट्रलायझर म्हणून बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड लावून त्या सरळ अवस्थेतच बंध पुन्हा जोडले जातात. तुटलेले सगळे बंध परत जुळत नाहीत, आणि टाळूबाहेरचा केस निर्जीव असल्यामुळे शरीर ती तूट भरून काढत नाही. मात्र टाळूच्या आत केस ज्या पिशवीत तयार होतो तिची घडण या प्रक्रियेने बदलत नाही. कुरळेपणा त्या वाकड्या घडणीतून येतो, त्यामुळे नवा केस आपल्या जुन्याच वळणाने बाहेर पडतो.

इंटरनेटवर या विषयाचे जे साहित्य सापडते ते मुख्यतः आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या अनुभवातून आलेले आहे, आणि ते वाचताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तिकडचे रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारी क्रीम, बहुधा हायड्रॉक्साइडचे असतात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपला कॉस्टिक सोडा, किंवा त्याच्याऐवजी ग्वानिडिन हायड्रॉक्साइड. त्यांचा सामू १२ च्याही वर जातो आणि त्यांच्यामुळे डायसल्फाइड बंधातला गंधकाचा एक अणू निघूनच जातो. उरलेला बंध कोणत्याही न्यूट्रलायझरने मागे फिरत नाही. या क्रीमची कथाही मोठी विलक्षण आहे. गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाला १९०९ च्या सुमारास शिवणयंत्राच्या सुईचे घर्षण कमी करणाऱ्या द्रावणावर काम करताना लोकरीचे धागे सरळ होताना दिसले आणि त्यातून केस सरळ करणारे क्रीम निघाले. याच माणसाने १९२३ मध्ये वाहतूक सिग्नलचे पेटंट घेतले, हे मी वर्गात आवर्जून सांगते. तिकडे सरळ केसांचा प्रश्न नोकरी आणि शाळेतल्या प्रवेशापर्यंत पोहोचलेला होता. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, तो काही हौसेखातर नव्हे. आपल्याकडे कुरळ्या केसांवरून जी टोमणेबाजी होते तिला त्या वेदनेच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही. केसांच्या निगेचे त्यांचे ज्ञान मात्र कृतज्ञतेने घ्यावे असेच आहे.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन आणि बोटॉक्स हे शब्द इतके सरमिसळ वापरले जातात की नावावरून काहीच कळत नाही. संक्रमण सुरू करणाऱ्या प्रत्येकीने आधी आपल्या केसांवर नेमके काय लावले गेले होते, ते बाटलीवरच्या घटकांच्या यादीवरून शोधावे. थायोग्लायकोलेट असेल तर तो केस कायमचा बदललेला आहे. फॉर्माल्डिहाइडचे किंवा ते सोडणाऱ्या मेथिलीन ग्लायकॉलचे केराटिन असेल, तर त्याचा परिणाम धुण्यागणिक उतरत जातो आणि काही महिन्यांत बराचसा कुरळेपणा परत दिसू लागतो, अर्थात यंत्राच्या उष्णतेने केस जळालेला नसेल तर. माझ्या एका सहकारी बाईंचे केस कात्री न लावताच पूर्ववत झाले आणि माझे झाले नाहीत, याचे कारण एवढेच होते. आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. थायोग्लायकोलेटने सरळ केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर कधीही लावू नये. ही दोन रसायने एकाच केसावर पडली की तो केस तुटतो.

आरोग्याचा मुद्दा मी भीती घालण्यासाठी मांडत नाही, पण तो टाळणेही योग्य नाही. अमेरिकेत ३५ ते ७४ वयोगटातील ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा केस सरळ करणारी उत्पादने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळले. सत्तराव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्क्यांऐवजी ४.०५ टक्के इतकी होती. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, आणि मूळ धोका कमीच आहे, हे आकड्यांवरूनही दिसते. फॉर्माल्डिहाइड मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असे लिहिलेल्या काही उत्पादनांत ग्लायॉक्झिलिक आम्ल असते. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तिने त्या आम्लाच्या क्रीमने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. आपण काही तासांत पार्लरमधून बाहेर पडतो. एसी लावलेल्या बंद खोलीत दिवसभर तो वास घेत उभ्या राहणाऱ्या मुलींचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

थांबायचे ठरल्यावर दोन मार्ग असतात. एक म्हणजे सरळ केस एकदम कापून बोटभर कुरळ्या केसांवर नव्याने सुरुवात करायची, आणि दुसरा म्हणजे टोके थोडीथोडी कापत लांबी राखायची. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा सेंटीमीटर; पाठीच्या मध्यापर्यंतचे केस पूर्ण बदलायला तीन-चार वर्षे सहज जातात, शिवाय कुरळा केस आक्रसून बसतो, त्यामुळे वाढलेली लांबी दिसत नाही ती वेगळीच. पहिला मार्ग निःसंशय सोपा आहे आणि कॉलेजच्या मुलींना मी तोच सुचवते. मी तो घेतला नाही, कारण आमच्याकडे चाळिशीतल्या बाईने अचानक केस बारीक केले की लोकांना आधी आजारपण आठवते आणि मग नवस. ‘तिरुपतीला जाऊन आल्या का मॅडम?’ या प्रश्नाला स्टाफरूममध्ये रोज उत्तर देण्याइतका उत्साह माझ्यात नव्हता. कानबाई या खानदेशी देवीच्या सणात, तिच्या रोटांना, सासरचे सगळे भाऊबंद एकत्र जमतात, तेव्हा डोक्यावर पदर आणि मागे अंबाडा असावा अशी सासूबाईंची अपेक्षा असते आणि तीही मला मोडायची नव्हती. त्यांनी माझे केस कुरळे असावेत की सरळ, याविषयी कधी शब्द काढला नाही. ते बांधलेले असावेत एवढेच त्यांचे म्हणणे.

लांबचा मार्ग घेतला की सारे लक्ष एका जागेकडे जाते, ती म्हणजे नवा केस संपून जुना सुरू होतो तो सांधा. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे सरकवली तर तो सांधा डोळ्यांनी दिसण्याआधी बोटांना कळतो: वरचा भाग किंचित खरखरीत, वळणावळणाचा आणि भरीव लागतो, मग एका ठिकाणी बोट अडखळते आणि त्यापुढे केस गुळगुळीत, चपटा आणि पातळ होतो. कंगव्याचा ताण नेमका त्या अडखळीवर येतो. कंगव्यात आलेले केस मी काही काळ पांढऱ्या कागदावर पसरून पाहत असे. ज्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते तो मुळापासून गळलेला केस. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे गळणे नैसर्गिक आहे. ज्याला दोन्ही बाजूंना गाठ नाही तो मधेच तुटलेला, आणि त्याचीच काळजी करायची. माझ्या कागदावर सुरुवातीला दुसऱ्या प्रकारचे केस जास्त होते. कोरडे केस विंचरणे पूर्ण बंद केले, कंडिशनर लावून ओल्या केसांत आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवू लागले, तेव्हा ते प्रमाण उलटले. या एका बदलाने जेवढे केस वाचले तेवढे कोणत्याही महागड्या बाटलीने वाचले नाहीत.

यानंतरचा खरा शत्रू पाणी. आमच्या कॉलनीत वापरायला बोअरचे पाणी आहे आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. साबण वापरला तर त्याचा चिकट साका वेगळा. कुरळा केस मुळातच कोरडा असतो, कारण टाळूचे तेल त्याच्या वळणांवरून खालपर्यंत उतरत नाही. त्यावर क्षार बसले की तो फुलतो आणि राठ होतो. ज्या दिवशी महापालिकेच्या नळाला वाघूर धरणाचे पाणी येते त्या दिवशीच डोक्यावरून न्हायचे, असा नियम मी केला आणि शेवटच्या खळखळीसाठी तेच पाणी बादलीत बाजूला ठेवू लागले. अधूनमधून ईडीटीए असलेला शाम्पू वापरते, तो क्षार धरून बाहेर काढतो. एरवी सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू फक्त टाळूला लावते, केसांना उतरणारा फेस पुरतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पारोळ्याकडे गेले होते, तेव्हा अर्धे कुरळे आणि अर्धे सरळ असे माझे डोके बघून मोठी माय म्हणाली, ‘काय करी टाकं व माय केसस्नं?’ आणि लगेच शिकेकाई उकळायला घेतली. तिच्या पद्धतीबद्दल माझे मत संमिश्र आहे. न्हाण्याआधी खोबरेल तेल लावून ठेवण्याची तिची सवय शास्त्राच्या कसोटीवर उतरते. खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी तुलना करून २००३ मध्ये दाखवले गेले आहे. शिकेकाईचा काढा आम्लधर्मी असतो आणि गाळून घेतला तर चांगला लागतो. तिचीच पूड थेट डोक्यावर चोळली की कण वळणांत अडकून बसतात आणि पुढे दोन दिवस उशीवर पडत राहतात, शिवाय त्या चोळण्याने सांधा तुटतो तो तुटतोच. आणि तिची ती बारीक दातांची फणी! तिच्या हातून ती काढून घेणे सर्वांत कठीण गेले.

केसांना आकार देण्यासाठी मी जवसाचा जेल करते, आणि इथे खानदेशात राहण्याचा फायदा होतो, कारण चटणीसाठी जवस घरात असतेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवावे. आठ-दहा मिनिटांत पाण्यावर पांढरट फेस येतो आणि डाव उचलला की त्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार खाली लोंबते. त्या क्षणी गॅस बंद करून लगेच गाळायचे, कारण गार झाल्यावर तो गोळा कोणत्याही गाळणीतून उतरत नाही. मी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा वापरते आणि चिमट्याने पिळते. फ्रिजमध्ये हा जेल आठवडाभर टिकतो. न्हाल्यावर केस ओले निथळत असतानाच तो खालून वर मुठीने दाबत लावायचा, जुन्या सुती टीशर्टमध्ये केस टिपायचे आणि पंख्याखाली हात न लावता वाळू द्यायचे. कडक झालेले आवरण नंतर तळहाताने कुस्करले की केस मऊ सुटतात. सरळ टोके अर्थातच या जेलला दाद देत नाहीत. त्यांना ओल्यावर दोन पेडांचा पीळ घालून किंवा स्पंजच्या रोलरवर गुंडाळून वाळवले की हायड्रोजन बंधांच्या कृपेने दोन दिवस तरी ती वरच्या कुरळ्या भागाशी जुळवून घेतात.

उन्हाळ्यासाठी वेगळे सांगायला हवे. बाजारातल्या बहुतेक कर्ली क्रीममध्ये ग्लिसरीन असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते, पण एप्रिल-मेमध्ये आमच्या हवेत ओढून घ्यायला ओलावाच नसतो. त्या दोन महिन्यांत मी ते बंद ठेवते आणि त्याऐवजी ओल्या केसांवर कंडिशनरचा थोडा अंश राहू देते. स्कूटीवरून जाताना सुती स्कार्फखाली सॅटिनचा एक तुकडा ठेवला की घर्षण कमी होते. पावसाळ्यात सगळे उलटते, जवसाचा जेल दमट हवेत टिकत नाही आणि तेव्हा केस बांधून ठेवण्याला मला पर्याय सापडलेला नाही.

आता मागच्या बाजूला कुरळेपणा घट्ट आहे, टाळूवर सैल आहे आणि कपाळाजवळच्या बटा, ज्यांच्यावर यंत्र सर्वांत जास्त फिरले, त्या तुटून पुन्हा उगवल्यामुळे अजून कानाच्याही वर आहेत. सरळ टोके चार बोटे उरली आहेत. कानबाई होऊन गेली की ती कापून टाकायची आहेत, आणि पार्लरवाल्या ताईंना मी आधीच सांगून ठेवले आहे की केस ओले करून, ताणून, एका रेषेत कापायचे नाहीत. कोरडे असताना, आपापल्या वळणात बसलेले असताना, एकेक बट बघून कापायचे. त्यांनी तसे कधी कापलेले नाही, त्यामुळे पहिली बट मागची घ्यायची असे आमचे ठरले आहे.